पेल्यावर पहारा

बुधवार, संध्याकाळ

प्रिय ताईस,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र पोचलं. छकुलीने पडलेल्या दाताला कुणाला हातसुद्धा लावू दिला नाही, हे वाचून खूप हसले. अगदी आपल्या आईवर, माझ्यावर गेलीय कार्टी. मी मजेत आहे. ड्यूटी दुपारीच संपली, पण अजून वॉर्डातच आहे, एका आजींच्या खाटेशेजारी स्टुलावर.

इथल्या भाषेचा वर्ग बरा चाललाय. लेखी परीक्षेत पहिली आले. बोलायची वेळ आली की मात्र दातखीळ बसते. वाक्य मनात तयार असतं, पण समोरचं माणूस बघायला लागलं की शब्दच पळून जातात. घरी माझ्या तोंडाला कुलूप लावायला निघायचीस ना तू? बघ आता.

इथे ड्यूटी बदलताना प्रत्येक खाटेच्या पायथ्याशी उभं राहून पेशंटचं सगळं मोठ्याने सांगायचं असतं. आम्हा शिकाऊ नर्सकडून बोलण्याऐवजी लिहिलेली चिठ्ठी घ्यायची नाही, अशी भाषेच्या बाईंचीच ताकीद आहे. यात नापास झाले तर परत मायदेशी पाठवतील, आणि छकुलीला इकडे आणायचं राहूनच जाईल.

ताई, मी मजेत नाही.

सकाळी भरवताना या आजींना जोरात ठसका लागला. ओठ निळे पडले. मी त्यांना सावरलं, पण त्यांना नीट गिळता येत नाहीये. डॉक्टर तपासेपर्यंत पाण्याचा घोटही द्यायचा नाही, एवढंच दुपारी ड्यूटी बदलताना सांगायचं होतं. सगळ्या नर्स माझ्याकडे बघत होत्या. मोठ्या सिस्टरनी विचारलं, "सगळं ठीक?"

मी मान डोलावली.

तेव्हापासून आजींच्या पेल्यावर पहारा देतेय. पाणी देणाऱ्या मावशींना खुणेने सांगून पाहिलं. गळ्याला हात लावला, नको नको केलं. त्यांना वाटलं, मलाच तहान लागलीय. आता टेबलावर दोन पेले आहेत! हसू नकोस, मला रडू येतंय. मी इथून उठले आणि कुणी पाणी पाजलं तर?

गोळ्यांची गाडी आली. नर्स या खाटेकडेच येतेय. थांब.

ताई, बोलले. ओरडलेच म्हण ना. निम्मं वाक्य चुकलं, पलीकडच्या खाटेवरची बाई हसली, पण आजींच्या ओठांपाशी नेलेला पेला नर्सने खाली ठेवला.

मग तिने विचारलं, "कधीपासून असं होतंय?"

"सकाळपासून."

"मग दुपारी का नाही सांगितलंस?"

तिचा शब्द न् शब्द मला कळला. उत्तरही तिच्याच भाषेत, न अडखळता आलं. "भीती वाटली."

तिने लगेच डॉक्टरांना बोलावलं, आणि आता मोठ्या सिस्टरना फोन करतेय. फार भरभर बोलतेय. मला त्यातलं माझं नाव तेवढं कळलं.

छकुलीला सांग, आई... नको, आज काहीच सांगू नकोस.

तुझी घाबरलेली,
धाकटी