एक्केचाळिसावा अर्ज

१४ ऑक्टोबर, रविवार सकाळ

प्रिय ताई,

नमस्कार. पाकिटावरचं माझं अक्षर बघून दचकू नकोस, इकडे सगळं ठीक आहे. फोन सोडून पत्र कशाला, असं तू विचारशीलच. फोनवर तू माझ्या दुसऱ्याच वाक्याला उलटतपासणी सुरू करतेस आणि मी खोट्या साक्षीदारासारखी गडबडते. इथे तुला मध्ये तोंड घालता येणार नाही. शेवटपर्यंत वाच, मग काय कडाडायचं ते कडाड.

आई कानाचं यंत्र लावते की अजून उशीखालीच ठेवते? तिला सांग, उशीला ऐकू येऊन उपयोग नाही. भाचीच्या परीक्षेचं काय झालं? आणि माझी पाठ ठणठणीत आहे, हे आधी सांगून टाकते, नाहीतर तू पुढचं नीट वाचणार नाहीस. ऑफिसची लिफ्ट महिनाभर बंद होती. दिवसातून चार वेळा तीन-तीन मजले चढले आणि एकदाही कळ आली नाही. आठ वर्षांपूर्वी ऑपरेशननंतर तू मला बखोटीला धरून पहिली पायरी चढवली होतीस, तेव्हा मी तुला काय काय बोलले होते! तू ऐकून घेतलंस आणि म्हणालीस, "शिव्या पुरे, दुसरा पाय उचल."

तर बातमी अशी की माझी टिपणी मंजूर झाली. नियम बदलला, परवा छापूनही आला. माझं नाव कुठेही नाही, असायचंही नसतं, पण त्या अर्ध्या पानातली चार वाक्यं जशीच्या तशी माझी आहेत. मी तो कागद तीनदा वाचला आणि मग शहाण्यासारखा घडी घालून ठेवला. छाती एवढी फुगली होती की शेजारच्या टेबलावरचा टंकलेखक म्हणाला, "बाई, खिडकी उघडू का?"

पूर्वी तू चारचौघांत सांगायचीस, आमची छोटी न्यायाधीश निवडते. मी कितीदा म्हटलं, अगं मी कुणालाही निवडत नाही. निवडणारं मंडळ वेगळं, मी त्याच्या धोरण शाखेतली सहायक. जाहिरातीत काय अटी असाव्यात, अर्जात कोणते रकाने असावेत, मुलाखतीत गुण कशाला द्यावेत, एखाद्याला नाकारलं तर कारण कोणत्या शब्दांत कळवावं, याच्या टिपण्या लिहायच्या आणि अर्ज आले की अटींवर तपासायचे. मंडळाची बैठक असते तेव्हा सदस्य टेबलाभोवती बसतात आणि आम्ही त्यांच्या मागे, भिंतीला लावलेल्या खुर्च्यांवर. हात मागे आला की त्यात हवा तो कागद ठेवायचा. बोलायचं नाही.

गेली चार वर्षं तू कुणाला काही सांगत नाहीस. माझ्या ऑफिसबद्दल विचारतही नाहीस. मी विषय काढला की तुला कुकर बंद करायचा असतो. मला वाटायचं, ताईला आता या गोष्टींचं अप्रूप राहिलं नाही.

जुना नियम तुला माहीत आहे, पण मला तो मांडायचाच आहे. न्यायाधीशपदासाठी दहा वर्षं सलग वकिली हवी. मध्ये सहा महिन्यांहून जास्त खंड पडला की मोजणी पुन्हा शून्यापासून. वरून पंचेचाळीस वर्षांची वयाची अट. गेल्या वर्षी आमच्या शाखाप्रमुख बाईंनी विचारलं, मागच्या फेरीत या खंडापायी किती अर्ज गेले? कुणालाच सांगता येईना. मग मला अभिलेख खोलीत पाठवलं. आठ दिवस धूळ खाऊन मी आकडा आणला. एक्केचाळीस.

बाईंनी विचारलं, "यात बायका किती?" ते अर्जावरून कळत नाही. आमच्याकडे अर्जावरचं नाव आधीच काढून टाकतात आणि नुसता क्रमांक राहतो. तपासणाऱ्याला समोर कोण आहे ते कळता कामा नये, म्हणून. मला या पद्धतीचा फार अभिमान आहे, अजूनही आहे. नावांची यादी वेगळ्या पाकिटात मोहोरबंद असते आणि फेरी संपल्यावर वर्षाने उघडता येते. बाईंच्या सहीने मी पाकीट उघडलं आणि क्रमांकापुढे नावं लिहीत गेले. एक्केचाळिसात छत्तीस बायका निघाल्या.

एकशे सतरा क्रमांकापुढे तुझं नाव होतं.

ताई, मी आधी हसले. म्हटलं, ताईच्या नावाची दुसरी वकील आहे की काय. मग पत्ता वाचला. मग अर्ज काढला. खंडाच्या रकान्यात लिहिलं होतं, "अकरा महिने. कुटुंबातील आजारपण." खाली तारखा. त्या माझ्या ऑपरेशनच्या वर्षाच्या तारखा होत्या. मला अंथरुणातून उठवायला तू वकिली गुंडाळून ठेवलीस, ते अकरा महिने. आणि त्या रकान्याशेजारी लाल पेनाची खूण, "अपात्र", आणि तपासणाऱ्याची आद्याक्षरं.

आद्याक्षरं माझी आहेत.

त्या दिवशी माझ्या वाट्याला साठ अर्ज आले होते. मी नवीन होते, जलद काम करून दाखवायचं होतं. खंड सहा महिन्यांहून जास्त, मार खूण, पुढचा. तारखांकडे मी पाहिलं असणारच, पाहिल्याशिवाय खूण करता येत नाही. माझ्याच आयुष्यातलं सगळ्यात वाईट वर्ष माझ्या डोळ्यांखालून गेलं आणि माझं पेन थांबलं नाही. नियमाप्रमाणे खूण बरोबर होती. ओळखलं असतं तरी मला अर्ज बाजूलाच करावा लागला असता आणि दुसऱ्या कुणीतरी तीच खूण केली असती. हे सगळं मी स्वतःला शंभरदा सांगितलं आहे. पण नकाराचं पत्र तुझ्या हातात पडलं तेव्हा मी त्याच आठवड्यात तुझ्याकडे जेवायला आले होते आणि ऑफिसच्या गमती सांगत होते. तू वाढत होतीस.

मला तुझा रागही आला. तू अर्ज केलास हे मला का सांगितलं नाहीस? गेल्या महिन्यात मी भावजींना फोनवर कोंडीत पकडलं. आधी आढेवेढे घेतले, मग म्हणाले, "अगं, तोंडातून ब्र काढायचा नाही म्हणून बजावलं होतं तिनं. म्हणाली, छोटीची नोकरी नवी आहे, माझा अर्ज आहे म्हटल्यावर तिला त्या कामातून उठवून दुसरीकडे बसवतील." तेव्हा नियम तसाच होता. नातेवाईक अर्जदार असेल तर कर्मचाऱ्याने लेखी कळवायचं आणि त्या फेरीपासून दूर व्हायचं. अर्जदाराला काही कळवावं लागत नव्हतं. म्हणजे मला उठवू नये म्हणून तू गप्प राहिलीस आणि गप्प राहिलीस म्हणून तुझा कागद नेमका माझ्या हाती आला. असा घोळ आपल्याच घरात होऊ शकतो.

अभिलेख खोलीतून मी थेट बाईंकडे गेले. म्हटलं, "यात माझी सख्खी बहीण आहे आणि खूण माझी आहे. टिपणी दुसऱ्या कुणाला द्या." बाईंनी चष्मा काढला. मग म्हणाल्या, "हे सगळं मला लेखी दे, मी मंडळाला कळवते. तिचा कागद बाहेर काढ. चाळीस अर्जांवर टिपणी उभी राहत असेल तर लिही. राहत नसेल तर ती तुझ्या बहिणीसाठीच होती असं लोक म्हणतील, आणि बरोबर म्हणतील."

मी तुझा कागद बाहेर काढला. सगळ्यांत चांगला अर्ज होता तो, ताई. मी तुझी बहीण म्हणून सांगत नाही, तपासनीस म्हणून सांगते. तू चालवलेल्या खटल्यांची यादी, वरच्या कोर्टाने उचलून धरलेले तुझे मुद्दे, जोडलेलं प्रत्येक प्रमाणपत्र क्रमाने लावलेलं. वाचताना मला रडू येत होतं आणि मिरवावंसंही वाटत होतं. पण तो कागद दाखवायचा नव्हता. मी चाळीस जणांचं लिहिलं.

बैठकीत एक निवृत्त न्यायमूर्ती आहेत, आम्ही आपसात त्यांना पूर्णविराम म्हणतो, कारण ते बोलले की पुढे कुणी बोलत नाही. त्यांनी टिपणी चाळली आणि म्हणाले, "खंड तो खंड. कोर्टाची सवय सुटलेला माणूस मला खुर्चीवर नको." झालं. बाकीचे कागद आवरायला लागले. मग ते मान न वळवता म्हणाले, "हे लिहिलंय कुणी?"

बाईंनी मागे माझ्याकडे बोट केलं. मी उठले.

"बोला," ते म्हणाले. "या चाळिसांत कुणाची सवय सुटली होती?"

मी म्हटलं, "साहेब, खंडानंतर या चाळीस जणांनी किती खटले चालवले ते शेवटच्या पानावर आहे. चाळिसांपैकी एकतीस जणांचं काम खंडाआधीपेक्षा वाढलंय. सवय सुटली असती तर अशील परत आले नसते."

त्यांनी शेवटचं पान काढलं. रकाना रकाना वाचला. कुणीतरी खोकलं तर त्यांनी हात वर केला. मग विचारलं, "हे आकडे तुम्ही कुठून आणले?"

"प्रत्येक कोर्टाच्या नोंदवहीतून, साहेब. सात महिने लागले."

"हं," ते म्हणाले. "मला वाटलं होतं, तुम्ही मला दया दाखवायला सांगणार आहात." आणि बाईंकडे वळून, "लिहून घ्या. वर्षांची बेरीज करायची. मोजणी शून्यापासून नाही."

भिंतीकडच्या खुर्चीवरून सभेत कुणी बोललं, असं आमच्या शाखेत पहिल्यांदाच झालं. बाहेर आल्यावर शिपाईकाकांनी मला न मागता चहा आणून दिला. बाई म्हणाल्या, "उद्या वेळेवर ये," आणि गेल्या. त्यांच्या भाषेत ही शाबासकीच. मी जिन्यात उभी राहून चहा प्यायले आणि मला माझा इतका अभिमान वाटला की लाजच वाटली. आणि लगेच वाटलं, हे सगळं ज्या माणसामुळे दोन पायांवर उभं राहून बोलता आलं, त्या माणसालाच हे माहीत नाही.

आता मुद्द्याचं. नवीन फेरीची जाहिरात सुरू झाली आहे. शेवटची तारीख वीस नोव्हेंबर. तुला चव्वेचाळीस पूर्ण झाली आहेत. तुझी वकिली बेरजेने एकोणीस वर्षं भरते, दहा केव्हाच मागे पडली. फेरी चार वर्षांनी एकदा येते, पुढची येईल तेव्हा तू वयात बसणार नाहीस. म्हणजे ही एकच संधी आहे, आणि ती तू माझ्या काळजीपायी सोडशील, हे मी तुला ओळखून आहे म्हणून सांगते.

तशी सोय मी ठेवलेली नाही. शुक्रवारी मी लेखी दिलं की माझी बहीण या फेरीत अर्ज करू शकते, मला या कामातून मोकळं करा. बाई म्हणाल्या, "तिनं केलाच नाही तर? ज्या नियमासाठी वर्ष घालवलंस, त्याची पहिली फेरी तुला बघायलाही मिळणार नाही." मी म्हटलं, चालेल. उद्यापासून मी तळमजल्यावर, कर्मचाऱ्यांच्या रजांच्या नोंदी करणाऱ्या शाखेत. वर्षभर. वाईट वाटतंय का? हो, वाटतंय. नियम माझा, आणि त्यातून पहिली माणसं निवडली जातील तेव्हा मी कुणाच्या तरी किरकोळ रजेचे दिवस लिहीत असेन. पण तुझा अर्ज आला किंवा नाही आला, मी तिथेच बसणार आहे. तेव्हा मला वाचवायचं कारण तुला उरलेलं नाही.

हे पत्र पाठवायच्या आधी बाईंना दाखवावं का, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, "बहिणीला पत्र लिहायला कुणाची मंजुरी लागत नाही. जाहिरात सगळ्या जगाने वाचली आहे."

मी तुला काही मदत करणार नाही, करता येणार नाही, कुणाच्या कानावर शब्द घालणार नाही. तुझा अर्ज पुन्हा नाव काढून, नुसता क्रमांक होऊन कुणा परक्या माणसासमोर जाईल. तुझी निवड होईल की नाही, मला तुझ्याइतकंच उशिरा कळेल. नाही झाली तर तू घरी येऊन माझ्यावर कडाड. झाली तर मी कोर्टाच्या खोलीत मागच्या बाकावर बसेन आणि तू आत आलीस की बाकीच्यांच्या आधी उठेन.

ती खूण मला खोडता येत नाही, ताई. नोंदीतली खूण खोडणं गुन्हा आहे आणि तुझी बहीण तेवढी तरी नियमाची पक्की आहे. मी माफी मागते. नियमाची नाही, ती खूण नियमानेच झाली. तुला ओळखलं नाही, त्याची मागते.

आईला नमस्कार, भावजींना माझ्याकडून अभयदान, भाचीला पापा.

अर्ज भर.

एकदा तुला न ओळखलेली,
तुझीच
छोटी