कळवळ्याच्या पुढचं वाक्य

प्रिय बबडे,

परवा सकाळी दुकानाचं शटर अर्धं उचललं आणि पुन्हा खाली ओढलं. समोरचा चहावाला ओरडला, "काय दादा, आज लोकांनी दाढ्या वाढवायच्या का?" मी नुसता हात हलवला आणि पेटी घेऊन निराधारांच्या आश्रमाकडे निघालो. तिथे मी आठवड्याला जातोच, पण दुकान मिटल्यावर. त्या दिवशी सकाळीच का गेलो, ते सांगतो. चिडू नकोस, शेवटपर्यंत वाच.

तिथल्या खिडकीजवळच्या खाटेवर बाबा आहेत, हे मी तुला मागेच कळवलं होतं. तू फोनवर म्हणालीस, "त्याची दाढी करायची तर कर. पण तो माणूस तुझ्या घरात आला, तर मी तुझ्याकडे यायची नाही." ते घर सोडून गेले तेव्हा तू आईच्या कडेवर होतीस. त्यांचा चेहरा तुला आठवत नाही. आईचे हाल मात्र तू पाहिलेस. तुझा राग खोटा आहे असं मी कधी म्हटलं नाही, आजही म्हणत नाही.

मी त्यांना ओळखही दिली नव्हती. फेस लावायचा, वस्तरा फिरवायचा, तुरटी लावून निघायचं. घरी प्रार्थनेला बसलो की रडू यायचं. मग फार हलकं वाटायचं. देवाने आपल्याला दयाळू मन दिलंय, असं समजून मी शांत झोपायचो.

मागच्या रविवारी चर्चमधल्या बायबलच्या अभ्यासवर्गात पाळकांनी शुभवर्तमानातला एक ग्रीक शब्द फळ्यावर लिहिला: स्प्लांख्निझोमाई. माझी जीभ अजून त्यात अडकते. आपण त्याला कळवळा येणं म्हणतो. पाळक म्हणाले, या शब्दाच्या मुळाशी आतडी आहेत, पोटातले अवयव. आमचा खाटीक लगेच म्हणाला, "म्हणजे आमच्या दुकानातलाच माल की!" सगळे हसले. मला आईचं बोलणं आठवलं. ती नाही का म्हणायची, पोरांसाठी आतडं तुटतं म्हणून? मग पाळकांनी आम्हाला तो शब्द येतो त्या जागा काढायला लावल्या आणि विचारलं, "कळवळा आल्यावर पुढच्या वाक्यात काय होतं?" आम्ही वाचत गेलो. कोणी कुष्ठरोग्याला हात लावतो. कोणी वाटेवरच्या जखमी माणसाच्या जखमा बांधतो. कोणी म्हातारा बाप लांबून येणाऱ्या पोराकडे धावत सुटतो. कळवळा आला आणि माणूस घरी जाऊन निवांत झोपला, असं मला कुठेच सापडलं नाही.

घरी येऊन हे तुझ्या वहिनीला सांगताना मला पुन्हा भरून आलं. ती भांडी पुसता पुसता म्हणाली, "रडून झालं असेल, तर मागची खोली रिकामी करायला घेऊ का?"

म्हणून परवा सकाळी गेलो. पण बोलायला तोंड उघडेना. आमच्या धंद्यात शब्द अडले की ब्रश हातात घ्यायचा. फेस लावला, वस्तरा गळ्याशी नेला. बाबा डोळे मिटूनच म्हणाले, "अंगठा कानामागे टेकवून कातडी ताणतोस. तसं मी तुला शिकवलं होतं." माझा हात थांबला. म्हटलं, "मग इतके दिवस बोलला का नाहीत?" ते म्हणाले, "वस्तरा तुझ्या हातात होता." मग म्हणाले, "आणि बोललो असतो, तर तू यायचा थांबला असतास." मी उरलेली बाजू केली.

बबडे, सुट्टीत तू मुलांना घेऊन येणार आहेस. दार उघडताच समोर ते दिसावेत आणि तुला वाटावं की दादाने फसवलं, हे मला नको होतं; म्हणून आधीच लिहितोय. त्यांना माफ कर, असं मी सांगत नाही. तो अधिकार माझा नाही. तू आली नाहीस तर मीच येऊन तुला आणि मुलांना भेटून जाईन. दारात उभं केलंस तरी चालेल. पण तुझ्या होकाराची वाट पाहत बसलो असतो, तर पुन्हा नुसता रडत राहिलो असतो. काल संध्याकाळी मी बाबांना घरी आणलं.

तुझाच,
दादा