चाळीस मांजरं, एक झाड

६ जाने., सोम.
झाडाने, म्हणजे संगणकातल्या निर्णयवृक्षाने, तोंडघशी पाडलं. संगणकातल्या मासळीबाजारात माझी चाळीस खोटी मांजरं सोडली, त्यांच्या हालचालींची सगळी नोंद झाडाला दिली. मासळीच्या तुकड्यावर कोण झेपावतं, कोण मागे राहतं, हे झाडाने हो-नाहीचे प्रश्न विचारत सांगायचं. पहिला प्रश्न भुकेचा येणार, खात्री होती. आला भलताच : मांजराचा नंबर अकराच्या आत आहे का? नंबर तर मी नुसता ओळखीसाठी दिलेला.
गाईड मॅडम म्हणाल्या, झाड काहीही बरळतंय. शुक्रवारपर्यंत अर्थ लागला नाही तर हे प्रकरण प्रबंधातून काढायचं. दीड वर्षाचं काम. चिंचपोकळीच्या पुलावर रडले, चक्क.

७, मंगळ.
नंबरचा रकाना लपवला. झाडाने सुरुवातीच्या जागेचा प्रश्न पुढे केला. जागा नंबरवारीच दिलेल्या, म्हणजे तेच ते. हट्टी मेलं.

८, बुध.
आई भाकऱ्या थापत होती. विचारलंन, काय अडलंय. सांगितलं, प्रत्येक फेरीत आधी एक नंबर हलतो, मग दोन, मग तीन. आपल्या मजल्यावरच्या नळासारखं, खोलीच्या नंबराने.
"रोज एकापासूनच? मगे शेवटच्या माजराक काय गावतला गो?"
शेवटच्याला मिळणार काय, खरंच! नळावर एक दिवस पहिल्या खोलीपासून पाणी, दुसऱ्या दिवशी शेवटच्या खोलीपासून. आमचीच खोली शेवटची आणि मीच विसरले! पहिली दहा मांजरं खाऊन मोकळी, बाकीची बघत बसलेली. झाड खरं बोलत होतं. चूक माझी, पकडली त्याने. ओट्यापुढे नाचले. आई म्हणाली, आधी जेव.

९, गुरु.
आता दर फेरीला चिठ्ठ्या टाकून क्रम. पाच वेळा चालवलं, पाचही वेळा नंबर गायब. पहिला प्रश्न : मागच्या फेरीत दुसऱ्याने हुसकावलं होतं का? हो असेल, तर मांजर मागेच राहतं. भूक तिसरी! आठवण मी मांजरांना चिमूटभर दिली होती. ती भुकेला मागे टाकेल असं स्वप्नातही...

१०, शुक्र.
मॅडमनी समोर बसून दोनदा चालवून घेतलं. मग म्हणाल्या, "प्रकरण राहील. चूकही लिही, लपवू नकोस."
जिंकले! पोटभर बांगडे खाल्ले. इतकी खूश मी कधी नव्हते. निघताना त्यांनी एवढंच विचारलं, की खरी मांजरं असंच वागतात का. रविवारी बाजारात जाऊनच बघायचं.

१२, रवि.
सकाळी सातला लालबागच्या मासळीबाजारात, वही घेऊन. कोळीणमावशींनी बसायला उलटी टोपली दिली, कसली परीक्षा म्हणून हसल्या. काळ्या बोक्याने एका तांबूस मांजरीला हुसकावलं. मावशींनी माशाचं मुंडकं टाकलं, अगदी तिच्यापुढे. ती जागची हलली नाही. झाड बरोबर! मावशींचा हात धरून हलवला मी.
दुसरं मुंडकं टाकलं. मांजरी उठली. बोका बघत होता. दोन पावलं आली आणि थांबली, एक पंजा उचललेला. वहीत तिच्यापुढची हो-नाहीची जागा अजून कोरी आहे.