काठ नसलेला तुकडा

बाबा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आता तुमच्याविषयी बोलताना मला रडू येत नाही. खरं सांगायचं तर तेव्हाही आलं नव्हतं. आज माळा आवरताना कॉलेजात असताना काढलेला तक्ता सापडला, म्हणून लिहायला बसले.

तक्त्यावर तो पक्षी आहे. माणसाच्या कितीतरी आधी नामशेष झालेला शिकारी पक्षी. त्याच्या पायाचं एक हाड आणि दोन नख्या, एवढंच काय ते सापडलंय. दोन हजारनंतरची पहिलीच वर्षं असतील. टेमघरच्या आपल्या स्वयंपाकघरात मी लादीवर कागद पसरून त्याला भलेथोरले पंख काढतेय आणि खाली ऐटीत लिहितेय, पंखांचा पसारा आठ फूट. तुम्ही लूमच्या कारखान्यातली शिफ्ट संपवून आलात, केसांत सुताचं पांढरं तसंच. व्यापारी बोटभर चिंधी आणून द्यायचे आणि तुम्ही भिंगाखाली धागे मोजून हुबेहूब तसलं कापड लूमवर काढायचात. त्यामुळे एका हाडावरून पक्षी ओळखतात हे तुम्हाला लगेच पटलं. फक्त विचारलंत, "काठ घावला का त्याचा?"

"पक्ष्याला कसला काठ, बाबा?"

"मंग आठ फूट कुठून आणलंस? तुकड्यावरून वीण कलते, पन्हा न्हाय कलत. कापडाची रुंदी सांगायची तं दोन्ही काठ लागतात. म्हाईत न्हाय तं न्हाय लिव्हायचं."

"हा काय लूम आहे? तुम्हाला यातलं काय कळतं?"

तुम्ही मोरीत जाऊन हातपाय धुतलेत, जेवायला बसलात. आठ फूट तसेच राहिले, वर बक्षीसही मिळालं. तक्ता दाखवला तर म्हणालात, "बरा हाय." सॉरी म्हणू कधीतरी, असं मनात होतं. त्याच वर्षी कारखान्यातून निरोप आला, तुम्ही ड्युटीवर असतानाच गेलात.

आता मी काल्हेरला राहते, शाळेत विज्ञान शिकवते. लेक विचारते, आजोबा केवढे होते गं? तुमचा उभा फोटो एकही नाही. आहे तो छातीपर्यंतचा, कारखान्याच्या पासवरचा. मी सांगते, चांगले उंच होते, दारातून वाकून यायचे. ती खूश होते.

आज ते आठ फूट खोडले. हे पत्र कुठे टाकणार, तक्त्याच्या घडीतच ठेवीन. पण ते वाकून येणं मी ठोकून दिलंय, बाबा. तुम्ही केवढे होतात, मला आठवत नाही.