क्यानडाला हवीत माझी बोटं

जुलै १८, शुक्र.
पत्र आलं. सोमवारी चेन्नैस या, दहा बोटांचे ठसे द्या, मग व्हिसाचं बघू. महिन्याभरात दिले नाहीत तर अर्ज बाद. नात मीनू तिकडे क्यानडात, पहिलं बाळंतपण, सप्टेंबरात. तिच्या आईला शाळेतून रजा नाही, म्हणून मी. बँकेचे कागद, नातजावयाचं पत्र, घराचे कागद, सगळं दिलं. परत येणार ह्याला पुरावा पाहिजे म्हणे. न येऊन काय करू, बर्फ खाऊ?
फोटोत हसायचं नाही. ते जमलं.
तमिळ आडी महिन्यातला पहिला शुक्रवार, बायकांचा सण. शेजारची सेल्वी मरुदाणी, म्हणजे मेंदीचा पाला, वाटून घेऊन आली. "मामी, परदेशी निघालात, हात असे पांढरे?" दहाही बोटांना टोप्या घातल्या. हे म्हणाले, "ह्या वयात?" म्हटलं, विमानाला वय चालतं, मरुदाणीला चालत नाही?

जुलै २१, सोम.
चेन्नै. व्हिसाच्या ऑफिसात नुसता गारठा. काचेमागच्या पोरीनं हात बघितले, मला आजीच केलं. "अय्यो पाट्टी! मरुदाणी! ह्यावर ठसे घेता येत नाहीत. रंग गेल्यावर या."
पत्रात लिहिलं होतं म्हणे, खाली, बारीक अक्षरात. पत्र वाचलं कुणी? ह्यांनी. जन्मभर मास्तरकी केली!
गाडीत ह्यांच्याकडे पाठ करून बसले. विल्लुपुरम आलं आणि ह्यांना हसू फुटलं. मग मलाही. मेलं थांबेना.

जुलै २५, शुक्र.
लिंबू, मीठ, खोबरेल. रंग जास्तच चढला. सेल्वी म्हणाली, चिंचेनं भांडी घासा मामी. घरची संपली, तिची घासली, मग समोरची समई आली. आता गल्ली पितळ घेऊन दारात. फुकटची मोलकरीण सापडली सगळ्यांना.
सेल्वी: "एवढी लाल म्हणजे मामांची माया फार." तेव्हापासून हे मान ताठ करून फिरतात. माया असती तर पत्र खालपर्यंत वाचलं असतं.

ऑग. ३, रवि.
मीनूचा फोन. "आजी, येशील ना गं?" म्हटलं, बोटं पुढे पाठवते, मागून मी. हसायला लागली. पोट धरून हसू नको म्हटलं, तिथेच होशील बाळंत.
टोकं फिकी होतायत. नारिंगीवर आली.

ऑग. ११, सोम.
परत चेन्नै. नखं लाल, टोकं स्वच्छ. तीच पोरगी. डावा अंगठा यंत्रानं दोनदा परत केला. पोरीनं अंगठा पुसला, स्वतः दाबून धरला. हिरवा दिवा! दहाही झाले! एवढ्यानं ओरडले की रांगेतले टाळ्या वाजवायला लागले. हे पण. मास्तर!
"व्हिसा देतील ना गं?" "ते आमच्या हातात नाही पाट्टी. मेल येईल."
हॉटेलात ह्यांनी न विचारता दुसरा डोसा मागवला.

ऑग. २८, गुरु.
पणती झाली! सप्टेंबरची वाट बघितली नाही. पासपोर्ट नाही, ठसे नाहीत, फोटो नाही, कार्टी थेट आत. दोघी बऱ्या. नाक आमच्या ह्यांचं. बिचारी.
सेल्वीकडे साखर पाठवली. मेल नाही.

सप्टें. ५, शुक्र.
मीनू रडकुंडीला. "आजी, न्हाऊ घालताना हातातून निसटते गं." म्हटलं, खाली बस, पाय लांब कर, पोर नडग्यांवर घे, डोकं पावलांकडे. नातजावई फोन धरून उभा, मला नुसतं छत दिसतंय. "अरे खाली धर, छताला न्हाऊ घालायचंय का?" मग दिसली. लाल, ओली, मुठी आवळून. रडली नाही. मीनूच हसत होती.
फोन ठेवला तर मी पण खाली बसलेली, पाय लांब.
मेल नाही. ह्यांनी दोनदा बघितलं. मग विचारलं, "प्रवासाची पेटी माळ्यावरून काढू?"
काढा म्हटलं.