जांभळ्या शेपटीचा पहिला फोटो

१२ ऑक्टोबर, रविवार. सकाळी ६.१०
नवी वही. जुनी अर्धी कोरी आहे, पण तिच्यात जुने संकल्प आहेत. बाद.

हैदराबादच्या विमानाला कंपनीनं नवा रंग दिलाय. शेपूट जांभळी, पंखांची टोकं पिवळी. आम्ही जाणकार ह्याला लिव्हरी म्हणतो. सौ.ला समजावून सांगितलं, तर म्हणाली, पाडव्याला म्हशी रंगवतात तसंच की. निवृत्त माणसानं घरात ज्ञान वाटू नये.

पाडव्याला ते विमान पहिल्यांदा कोल्हापुरात उतरणार. आमच्या विमान-ग्रुपवर ठरलंय, नव्या रंगाचा कोल्हापुरातला पहिला फोटो ज्याचा, तो ॲडमिन. मी ॲडमिन होतोच. ऑगस्टमध्ये ग्रुपमधल्या त्या अनेकांत नावाच्या पोरानं मला काढलं. कारण काय, तर मी घारीचा फोटो विमान म्हणून टाकला. त्या दिवशी ढग होते.
ॲडमिन झाल्यावर पहिलं काम : अनेकांतला काढणे.

१४ ऑक्टोबर. संध्याकाळी
जागेची पाहणी. रस्त्याच्या कुंपणापाशी गार्ड हाकलतो. अनेकांतनं एका कारखान्याची गच्ची पटकावलीय. मी भीक मागणार नाही.

धावपट्टीच्या अगदी समोर चिमणाबाई नावाच्या बाईचं रान आहे. चार म्हशी. पाडव्याला पळवायला तयार करतायत. मी आधीच स्पष्ट सांगितलं की सायलेन्सरची पुंगळी काढलेल्या मोटरसायकलीमागं म्हशी पळवणं हा रानटी धिंगाणा आहे आणि त्याविरुद्ध मी पेपरला पत्र पाठवलं होतं. (छापलं नाही. संपादक विकले गेलेत.) बाई म्हणाली, पावणं, रान माझं हाय, आभाळ तेवढं तुमचं. उभं ऱ्हावा, पर गाडी आत आणू नगासा, आवाज ऐकला की म्हशी मागं लागत्यात.
म्हैस म्हणजे काय ट्रॅफिक पोलीस आहे?

१६ ऑक्टोबर
बुलेटचा सायलेन्सर फुटला. मेकॅनिक म्हणतो दिवाळीनंतर बघू. उर्मट. पण आवाज भारदस्त येतोय.

१७ ऑक्टोबर. दुपारी
लेकीचा, राजनंदिनीचा, हैदराबादहून फोन. अकरा महिन्यांनी पोरगी घरी येतीय, पाडव्याच्या त्याच विमानानं. आबा, न्यायला तुम्हीच या, म्हणाली. मी शांतपणे समजावलं की त्या वेळी मी कामात आहे आणि एक माणूस दोन ठिकाणी उभा राहू शकत नाही. तिनं फोन आईला द्यायला सांगितला, म्हणजे पटलं असणार. डावीकडं बस आणि काचेला तोंड लावू नकोस, फोटोत दिसतं, एवढं बजावलं. सौ. रिक्षानं जाईल. सौ.चं तोंड तेव्हापासून फुगलेलं आहे.

२० ऑक्टोबर
संकल्प : रोज पहाटे अर्धा तास कॅमेरा न हलवता धरायचा सराव. आज पहिली आंघोळ होती म्हणून नाही. काल रविवार होता.

२२ ऑक्टोबर, पाडवा. सकाळी ८.००
सौ. ओवाळते म्हणाली. वेळ नाही म्हटलं. तिनं ताट जोरात ठेवलं.

९.५०
रानात. बुलेट बांधाबाहेर लावली. माणसानं शब्द पाळावा. म्हशींच्या गळ्यात कवड्या, थोरलीची शिंगं जांभळी-पिवळी. सौ.ला हे अजिबात कळता कामा नये.

१०.३०
ऊन थेट लेन्समध्ये. पाहणी संध्याकाळी केली होती, त्यात माझी काय चूक? पलीकडचा कोपरा हवा. तीनशे पावलं, आणि माझा गुडघा असा. विमान दहा मिनिटांत. चिमणाबाई गोठ्यात आहे. बुलेट आत घालतो. दोन मिनिटांचं तर काम.

संध्याकाळी ५.१५
चालू केल्याबरोबर चौघींनी माना वर केल्या. मागं बघितलं तर थोरली चाकाला लागलेली. मी वेग वाढवला, तिनंही वाढवला. बांधावरून चिमणाबाई ओरडत होती, गाडी बंद करा, गाडी बंद करा. मला वाटलं, म्हशींना चेतवतीय. मी मूठ आणखी पिळली. रानाला तीन फेरे झाले. शेवटी उसाच्या पाचटात शिरलो, बुलेट बंद पडली आणि चौघी तिथंच शांत उभ्या राहिल्या. थोरलीनं माझी टोपी चघळली. बाई म्हणाली, पावणं, म्हशी झकास पळवता की, फुडच्या पाडव्याला बी या.

विमान ह्याच दरम्यान कधीतरी उतरलं. माझ्याच बुलेटच्या आवाजात ऐकू आलं नाही. कॅमेऱ्यात सेहेचाळीस फोटो. माती, माझं पोट, माती. एकात थोरलीचं शिंग, फोकस उत्तम.

२३ ऑक्टोबर, भाऊबीज
ग्रुपवर निकाल लागला. अनेकांतचा फोटो १०.४४ चा. त्याच्याही आधीचा, १०.४२ चा, मोबाईलवर, काचेला तोंड लावून, विमानातून काढलेला : राजनंदिनीचा. दोघं शाळेत एका वर्गात होती, त्यानं तिचं स्टेटस बघून मागून घेतला आणि तिलाही ग्रुपात घेतलं. एका कडेला पंखाचं पिवळं टोक स्पष्ट. खाली रान, रानात बुलेट, बुलेटवर मी, मागं चार म्हशी रांगेत.

राजनंदिनी ॲडमिन. ग्रुपचा फोटो म्हणून तिनं हाच लावला आणि खाली लिहिलं, आबा मला न्यायला येताना. बावीस जणांनी बदाम टाकले. मी खुलासा केला नाही. खोलीत जाऊन फोटो मोठा करून बघितला. मी विमानाकडं बघतच नाहीये.

दुपारी तिला म्हटलं, रविवारी परत जाशील तेव्हा सोडायला मी येतो, कॅमेरा घरी ठेवून.
नको म्हणाली. रिक्षा सांगितलीय.