चालून राह्यलं

दादा,

तू फोनवर विचारलंस, "बाबा, चालता ना?" बाबा म्हणाले, "चालून राह्यलं." दिवस जात आहेत, एवढाच त्यांचा अर्थ. तुला "राह्यलो" ऐकू आलं, बाबा चालू लागले असं वाटलं, आणि तू पुण्याहून येणं रद्द केलंस. मी शेजारीच होते. बाबांनी डोळ्यांनी दटावलं, म्हणून गप्प राहिले.

बाबांच्या आतड्याच्या कॅन्सरच्या ऑपरेशनला सात आठवडे झाले. खाटेपासून दार चार मीटर; तेवढं ते रोज चालून बघतात, मी सेकंद मोजते. काल एकोणीस सेकंद लागले. आज ते अर्ध्यातच खाली बसले. मी घड्याळ बंद केलं.

"थांबली काऊन वं? मोज ना." मग दाराकडे पाहत तुझं नाव घेतलं, "प्रसेन येऊन राह्यला ना?"

मी "हाव" म्हणाले. ते खरं करायला पत्र पुरणार नाही. हे इथेच ठेवून तुला फोन लावते.

मयुरी
मु. पो. धाड